कोल्ह्याची रात्रपाळी

"अहो, त्या कोल्ह्याला शेवटी रात्रपाळीच दिली का हो?"

नीरजाने तव्यावरची पोळी उलटता उलटता विचारलं, आणि श्रीनिवास पाठकांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता "हं" म्हटलं. लग्न मुरलेल्या नवऱ्याचं ते "हं" होतं. प्रश्न कानावर पडल्याची पावती त्यात असते, कळल्याची नसते. नीरजाने गॅस बारीक केला.

"हं काय? दिवसपाळीला कोंबड्या आहेत ना. मुकादम म्हणाला होता, दोघांना एकत्र ठेवायला नको."

आता वर्तमानपत्र खाली आलं. "कोणत्या कोल्ह्याबद्दल बोलतेयस तू?"

"तुमच्याच. तिसरीच्या पुस्तकातल्या."

पाठकसर शहरातल्या सिडकोतून रोज स्कूटरने शेंद्र्याच्या कारखान्यांपलीकडच्या एका वस्तीवर जात आणि तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवत. तिसरीचं मराठीचं पुस्तक त्यांना झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं असतं. त्यात पावसाचा एक थेंब होता, जो ढगातून निघून समुद्राला मिळेपर्यंत चार पानं खात असे. एक टपालवाला होता, एक झाड होतं आणि त्या झाडाचं मनोगत होतं. कोल्हा नव्हता. कोल्ह्याला नोकरी देणारी कंपनी तर नव्हतीच.

नीरजाने कणकेचं बोट जपत त्यांचाच फोन पुढे केला. "ऐका. ती दगडाबाईंची नात, राजनंदिनी. पोळ्या करताना मी रोज लावते. मालिकेपेक्षा बरं असतं."

फोनमधून एक चिरका, ठसक्याचा आवाज आला. "'कोल्हा म्हणला, साहेब, मी तसाबी रातभर जागाच असतो. मंग साहेबानं त्याला टोपी दिली. टोपीतून त्याचे कान बाहेर राह्यले. साहेब म्हणला, नियम हाय, कान आत पाहिजेत. कोल्हा म्हणला, कान आत घेतले तर भोंगा कसा ऐकू येईल?'" मागे एक म्हातारी खुदखुदत होती. "मंग?" "पान संपलं आज्जी. राह्यलेलं उद्या." मग म्हातारीचा आवाज जवळ आला. "ऐकलं गुरुजी. पोरगी लई खडाखडा वाचती."

पाठकसरांनी तो आवाज पुन्हा एकदा लावून ऐकला. कारण हे सगळं त्यांनीच सुरू करून दिलेलं होतं.

दिवाळीला अजून बराच अवकाश असताना शहरात वाचनाचं एक प्रशिक्षण झालं होतं. अशा प्रशिक्षणातून बहुतेक गुरुजी एक पिशवी आणि जेवणाबद्दलचं मत घेऊन परततात. पाठकसर मात्र एक कल्पना घेऊन परतले. मूल वाचायला शिकतं ते फळ्यासमोर नव्हे, ऐकणाऱ्या माणसासमोर. ऐकणाऱ्याने मध्ये बोलू नये, चूक काढू नये, फक्त मन लावून ऐकावं. पाठकसरांना हे इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर चिकलठाण्याच्या सिग्नलला हिरवा दिवा लागूनही ते काही वेळ तसेच उभे राहिले.

वस्तीत ऐकणारं कोण? तरुण बाप आणि पुष्कळशा आया कंपनीच्या पाळ्यांमध्ये अडकलेल्या. घरात उरलेले आजी-आजोबा, आणि त्यांतले बहुतेक शाळेची पायरी न चढलेले. मग ठरलं असं, की पोरांनी संध्याकाळी त्यांना धडा वाचून दाखवायचा, आजीने फोनचं बटण दाबून ठेवायचं आणि शेवटी "ऐकलं" म्हणून तो आवाज सरांना पाठवायचा. योजनेला सरांनी "ऐकणारी वस्ती" असं नावही दिलं.

मुख्याध्यापिका प्रमोदिनी जोशी मॅडमनी चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारला होता. "ऐकणाऱ्याला वाचता येत नसेल, तर चूक कोण काढणार?"

"चूक काढायचीच नाही मॅडम. तीच तर गंमत आहे."

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांची पूर्ण नोकरी बाराखडीवर गेली होती आणि निवृत्ती जवळ आली होती. अशा बाईंचं "बरं" फार लांबपर्यंत टिकतं.

सुरुवातीला सर प्रत्येक आवाज ऐकत. मग रोज संध्याकाळी फोन भरून वाहू लागला, तेव्हा ते प्रत्येकाचे पहिले चार शब्द ऐकून अंगठा पाठवू लागले, आणि पुढे पुढे नुसताच अंगठा. अख्ख्या वस्तीला ऐकायला लावणारा माणूस स्वतः ऐकत नव्हता, आणि हे त्यांना त्या संध्याकाळी, गार होत चाललेल्या पोळीसमोर कळलं. त्यांना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचतात न पोचतात तो गोजरबाई दारात उभ्या. त्यांचा नातू माऊली म्हणजे वर्गातला सगळ्यात पक्का वाचणारा पोरगा. तो आजीच्या पदराआड होता.

"गुरुजी, एक इचारायचं होतं. पोरांना ऊन वर आल्याबिगर उठवू नये असं जे पुस्तकात लिहिलंय, ते रविवारी बी लागू हाय का?"

"असं कुठं लिहिलंय?"

"आता तुमीच शिकवायलात आन मलाच इचारायलात? माऊलीनं वाचलं की. त्याच्या बापाला पटंना. पण सरकारनं छापलंय म्हणल्यावर आमी काय बोलावं? पहाटं म्हशीकडं आता मीच जाते."

गोजरबाई गेल्यावर माऊलीला समोर घेतलं. तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता. तेच तर त्याचं दुखणं होतं.

"सर, मी आधी खरंच वाचत होतो. थेंबाचं वाचलं. आज्जी म्हणली, हे काय वाचायलास, नीट वाच. दगडाबाईच्या नातीच्या पुस्तकात कोल्हा कंपनीत लागला, आन तुझ्यात अजून पाणीच पडायलंय. मी म्हणलं, पुस्तकात हेच हाय. तर ती म्हणली, तुला वाचता येत नाय."

"मग?"

"मंग मी बी वाचायला लागलो. तवापासून म्हणती, पोरगं सुधारलं."

चौकशी करता करता मधल्या सुट्टीपर्यंत सगळा उलगडा झाला. दगडाबाई रोज ओट्यावर नातीची गोष्ट बायकांना सांगत. बायका घरी जाऊन आपापल्या नातवंडांच्या पुस्तकात ती शोधत. जी पोरं इमानाने छापलेलं वाचत होती, ती वाचण्यात कच्ची ठरली. त्यामुळे एकेक करून सगळ्यांनी पुस्तक सोडलं आणि वाचन सुधारलं. वर्गातल्या सोनियाच्या पुस्तकात तर असं लिहिलेलं निघालं होतं की भांडी घासायची पाळी भावालाही असते. भाऊ चार दिवसांपासून घासत होता.

"हे मात्र पुस्तकात घालायला हरकत नाही," जोशी मॅडम म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि ते पाठकसरांना जास्त लागलं.

मधल्या सुट्टीत त्यांनी राजनंदिनीला व्हरांड्यात बसवलं. तिने पुस्तक उघडलं, मांडीवर नीट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. कोल्ह्याच्या डब्यात काय होतं ते आलं, मुकादमाने डबा हुंगला तेही आलं. ती वेळच्या वेळी पान उलटत होती. फक्त एक गोष्ट सरांच्या आता लक्षात आली. तिची नजर पानावर नव्हतीच, ती सरांच्या तोंडाकडे होती. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला की गोष्ट पुढे सरकत होती.

सरांनी एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

ती बघत राहिली. "कोल्हा," ती हळूच म्हणाली. तो शब्द थेंब होता.

पाठकसरांनी शब्दावरचं बोट काढून घेतलं. रोज त्यांचा वर्ग एका सुरात धडा म्हणत असे आणि त्या सुरात हिचाही आवाज असे, चांगला खणखणीत. एवढ्या गजरात कोण वाचतो आणि कोण नुसता सूर धरतो, हे त्यांनी कधी वेगळं काढून पाहिलं नव्हतं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"पप्पा म्हणले, दिवाळीपातूर वाचता आलं नाय तर हर्सूलला मावशीकडं ठेवणार. तिथल्या शाळेत." तिने पुस्तक मिटलं. "मम्मी-पप्पा दोघं बी ड्युटीला जातात सर. मी गेल्यावर आज्जीजवळ कोण राहील?"

 "कोणाला सांगू नको. आपण करू काहीतरी," एवढंच सर म्हणाले, आणि पुढचं काही सुचायच्या आत शाळेच्या फाटकाशी एक बुलेट येऊन थांबली.

साहेबराव आले होते. शाळा समितीचे अध्यक्ष, वस्तीतले वजनदार शेतकरी, आणि दगडाबाईंचे शेतशेजारी. दोघांची विहीर सामाईक होती, दगडाबाईंचं रान टोकाला. लाईट आली की पहिली मोटार साहेबरावांची चाले, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. साहेबराव रोज वर्तमानपत्र वाचत आणि छापलेल्या शब्दाला फार मानत.

"गुरुजी, एक पान दाखवा मला."

"कोणतं?"

"टोकाच्या रानाला आधी पाणी, असं ज्याच्यात छापलंय ते. दगडाबाई म्हणती, सरकारी पुस्तकात हाय, तिच्या नातीनं वाचलं. आठ दिवस झाले, तिची मोटार आधी चालायलीय आन माझी कपाशी बघत बसलीय. छापलेलं असंल तर माझं काय म्हणणं नाय. पण मी पोरीचं पुस्तक चाळलं. मला तर त्यात कोल्हा बी दिसंना."

व्हरांड्याच्या खांबाला टेकून राजनंदिनी उभी होती. साहेबरावांचा आवाज असा होता, की त्यांच्या कानात सांगितलेलं गुपितही संध्याकाळपर्यंत शेंद्र्याच्या चौकात पोचावं. "पुस्तकात कोल्हा नाही" एवढं सर आत्ता म्हणाले असते, तर पाळी सुटायच्या आत ते तिच्या बापाला, इंद्रजीतला, कळलं असतं.

"पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी वाचन मेळावा आहे," सर म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "केंद्रप्रमुख साहेब येणार आहेत. ते पान राजनंदिनी तिथेच वाचून दाखवेल."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"जबान दिली तुमी. तवर चालू द्या तिची मोटार," साहेबराव म्हणाले आणि बुलेट फटफटत गेली. जोशी मॅडम कार्यालयाच्या दारातून सगळं ऐकत होत्या. "चूक काढायचीच नाही ना सर?" त्यांनी विचारलं आणि त्या आत गेल्या.

घरी येऊन सरांनी नीरजाला सगळं सांगितलं. जे पान जगात नाही ते पंधरा दिवसांत कुठून आणायचं, आणि जिला अक्षर ओळखू येत नाही तिच्याकडून ते कसं वाचून घ्यायचं? नीरजाने भाजी निवडता निवडता फोनकडे मान वळवली.

"पान नाही तर लिहून काढू की. पहिल्यापासून सगळी गोष्ट आहे आवाजात."

"पण ती तिचीच गोष्ट आहे. तिला ती पाठ आहे. मग ती वाचणं कसलं?"

"पाठ आहे म्हणूनच तर सोपं जाईल ना? मी इंग्रजी अशीच शिकले. आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरून."

पाठकसरांनी डोळे मिटले. प्रशिक्षणात कोणीतरी हेच सांगितलं होतं आणि त्या वेळी ते जेवणाचा विचार करत होते. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून राजनंदिनीचे सगळे आवाज ऐकले आणि नीरजाने मोठ्या कागदांवर, टपोऱ्या अक्षरात गोष्ट उतरवली. तिचे शब्द तिचेच ठेवले, फक्त कान टोपीबाहेर राहिलेल्या कोल्ह्याचं एक चित्र स्वतःच्या मनाने काढलं.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनीने तो कागद पाहिला तेव्हा ती आधी कोल्ह्याच्या चित्राला हसली आणि मग तिने कागद जवळ ओढला.

"सर, हे मी बोलले होते ते हाय?"

"तूच बोललीस. शब्दन् शब्द."

"लिहिल्यावर असं दिसतं व्हय?" तिने अक्षरांवरून हात फिरवला. आपण बोललेलं कागदावर बसून राहतं आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं, याचं तिला फार नवल वाटलं. पाठकसरांना इतक्या वर्षांत हे नवल वाटायचं बंद झालं होतं.

तरी काम सोपं नव्हतं. सुरुवातीला तिचं बोट एका शब्दावर असे आणि तोंड दोन ओळी पुढे. गोष्ट माहीत असल्यामुळे ती धावत सुटे. सर तिला थांबवत, मागे आणत, बोट आणि तोंड यांची गाठ घालून देत. "कोल्हा" पानोपानी होता, तो आधी पक्का झाला. मग "साहेब" ओळखीचा झाला, मग "भोंगा". पण नवा शब्द आला की गाडी अडे आणि ती सवयीने सरांच्या तोंडाकडे बघे. सर चेहरा शक्य तितका दगडासारखा ठेवत. मनातून त्यांना वाटे, सांगून टाकावं.

चौथ्या-पाचव्या दिवशी जोशी मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "तुमच्याने हे होणार नाही सर. अक्षरांशिवाय नवा शब्द फुटणार कसा?"

"मॅडम, आता पुन्हा क कमळाचा नको."

"क कमळाचा कोण म्हणतंय? इथे कमळ आहे कुठे?" मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. "को कोल्ह्याचा. बेटा, हाच को तुला अजून कुठे दिसतो?"

राजनंदिनी शोधत गेली. "हिथं. को... कोंब... कोंबडी." आणि मान वर करून म्हणाली, "बाई, कोल्ह्याची आन कोंबडीची सुरुवात एकच हाय. म्हून मुकादम त्यांना एकत्र ठेवत नसंल."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. त्या दिवसापासून वाटणी झाली. गोष्ट सरांची, अक्षरं मॅडमची. दोघेही मनातून समजत होते की खरं काम आपलंच चाललं आहे, आणि मधे बसलेली मुलगी दोघांचंही घेत होती. हळूहळू ती शाळेच्या भिंती वाचू लागली. मग कंपनीच्या गाडीवरची पाटी आणि बिस्किटाचा पुडा. बाकीच्या पोरांनी हट्ट धरला, आमचीही गोष्ट लिहा. मग सगळा वर्ग सांगू लागला, लिहू लागला आणि एकमेकांचं वाचू लागला. माऊलीने फक्त थेंबच वाचायची परवानगी मागितली. त्याला तो धडा मुळातच आवडत होता.

एक गोष्ट मात्र सरांना छळत होती. कागदांवर सगळा कोल्हा उतरला होता, पण टोकाच्या रानाचं पाणी कुठेच नव्हतं. नीरजा ठाम होती. "मी सगळे आवाज ऐकलेत. पाण्याचा शब्द नाही त्यात." मुलीने आजीला कधी तोंडी सांगितलं असेल, असं सरांनी स्वतःला समजावलं.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी दगडाबाई शाळेत आल्या. बारीक चणीची, ताठ कण्याची म्हातारी. त्यांनी भिंतीवरचे कागद लांबूनच पाहिले.

"गुरुजी, ते पाण्याचं पान घेतलं ना?"

"ते सापडलं नाही दगडाबाई."

"सापडायचं काय त्याच्यात? एक वळ हाय. कोल्हा म्हणतो, टोकाच्या रानाला आधी पाणी. एवढं तुमी लिव्हलं, त्याच्यात एक वळ काय जड हाय का?"

सरांनी खडू उचलला, ठेवला. ती ओळ लिहिली तर कपाशीच्या भांडणात शाळा उतरणार. नाही लिहिली तर साहेबराव सगळ्यांसमोर 'आजवर खोटंच वाचलं' म्हणून ओरडणार आणि त्या ओरडण्यात मुलगी घाबरून एक अक्षरही वाचू शकणार नाही. "बघू," ते म्हणाले. म्हणजे त्यांनी काहीच ठरवलं नाही आणि काहीच लिहिलं नाही.

शनिवारी शाळेचं पटांगण भरलं. केंद्रप्रमुख मधल्या खुर्चीवर, साहेबराव त्यांच्या शेजारी, बायका सावलीला. इंद्रजीत पाळीवरून थेट आला होता, गळ्यात ओळखपत्र तसंच. तो मागे उभा राहिला. पोरं वाचत गेली. माऊलीने थेंबाला समुद्रापर्यंत पोचवलं आणि गोजरबाईंनी शेजारणीला सांगितलं, "बघ, पुन्हा पाणीच."

मग राजनंदिनी उठली. तिने कागद नीट जुळवून धरले आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. 

"'को... कोल्हा... नोकरी... शोधायला... निघाला.'"

हे ते खडाखडा वाचन नव्हतंच. ती अडखळत होती, बोट शब्दावर रुतवत होती, मधेच मागे येऊन पुन्हा चालत होती. आवाजातून ऐकलेला तो सुसाट कोल्हा आता एकेक पाऊल टाकत होता. बायकांमध्ये कुजबुज झाली. "हिला झालं तरी काय?" कोणीतरी म्हणालं. इंद्रजीतच्या कपाळाला आठी पडली. सरांना एकदम उमगलं की लोकांना हे वाचन आधीपेक्षा वाईट वाटतंय, आणि ते उठून समजावू शकत नव्हते. जोशी मॅडमनी मात्र हाताने त्यांना बसून राहायची खूण केली.

केंद्रप्रमुख वाकले. "मॅडम, हा पाठ कोणत्या पुस्तकातला?"

"इथलाच आहे साहेब," मॅडम म्हणाल्या. "ऐका तुम्ही."

कोल्ह्याला टोपी मिळाली. कान बाहेर राहिले. शेवटचं पान आलं. साहेबराव खुर्चीच्या कडेवर सरकले. "'कोल्हा... कामाला... लागला. भोंगा... वाजला.'" राजनंदिनी थांबली.

सावलीतून दगडाबाईंचा आवाज आला, मऊ, कढी वाढताना येतो तसा. "वाच बाई पुढं. पाण्याचं वाच."

 राजनंदिनीने पान पाहिलं. बोट शेवटच्या ओळीवरून पहिल्या शब्दापासून पुन्हा नेलं. पान उलटलं, मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सरळ केलं.

"आज्जी, इथं पाणी नाय लिहिलेलं."

"नीट बघ."

"बघितलं. 'भोंगा वाजला' लिहिलंय. त्याच्या पुढं टिंब हाय. संपलं." आणि आजीची समजूत काढावी तशी ती म्हणाली, "मी म्हणलं असतं गं. पण नाय लिहिलेलं."

एवढं बोलेपर्यंत तिची नजर एकदाही कागदावरून उठली नव्हती. पाठकसरांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं की पाण्याची ती ओळ मुलीची कधी नव्हतीच. आजीने स्वतःच्या हिमतीवर कोल्ह्याच्या तोंडी घातलेली होती.

साहेबराव उभे राहिले. त्यांना शेतातलं पाणी परत मिळालं होतं आणि ते मिळवून देणाऱ्याचा मान वाढवणं आता त्यांच्याच फायद्याचं होतं. "याला म्हणतात वाचन," ते केंद्रप्रमुखांना म्हणाले. "हाय तेवढंच वाचलं, नाय ते नाय म्हणली. सगी आज्जी समोर असून." मग त्यांनी मागे उभ्या इंद्रजीतला हात केला. "काय रे, तुझ्या पोरीला वाचता येत नाय असं म्हणायची कोणाची बिशाद हाय? माझी मोटार चालू झाली तिच्या वाचण्यावर. हर्सूलबिर्सूलचं ऐकलंय मी, परत काढलं तर समितीत ठराव घेईन."

इंद्रजीतने ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "मावशीला फोन लावून सांगतो," तो म्हणाला. "म्हणावं, राहू दे."

केंद्रप्रमुखांनी भाषणात वाचनाचं महत्त्व सांगितलं, ते कोणीही ऐकलं नाही. बायका राजनंदिनीभोवती जमल्या होत्या. दगडाबाई मात्र कोणाशी न बोलता, पदर सावरत, घरी निघून गेल्या.

त्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा पाठकसरांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. नीरजाने गॅस बंद केला. दोघं ऐकायला बसली. आवाज दगडाबाईंचा होता, एकटीचा.

"ऐकलं गुरुजी. म्हणजे आज खरंच ऐकलं. मला ठाव होतं बरं का, पोरीला वाचता येत नाय. पुस्तक वाचणारी पोरगी पुस्तकाकडं बघती. ही माझ्या तोंडाकडं बघायची. मी हसले की हिचं पुढचं पान उलटायचं. मीच म्हणत होते, वाचू दे, हर्सूलला गेली तर हसायला तरी काय राह्यलं? आज पयल्यांदाच तिनं माझ्याकडं बघितलं नाय. लई बरं वाटलं. थोडं रडू बी आलं, ते आसू द्या."

 मग आवाज जरा जवळ आला.

"पण गुरुजी, एक सांगू का? कपाशीला अजून एक पाणी पाहिजे होतं. चार दिवस उशिरानं शिकिवलं असतं तर काय बिघडलं असतं?"